विनंतीची बस

४ ऑगस्ट

काका,

वाकून नमस्कार. गेल्या आठवड्यात प्लास्टरची गोणी उचलताना एकदा खरंच वाकले, ती पाठ अजून धरलेली आहे. म्हणून आजचा नमस्कार कागदावरच गोड मानून घ्या.

मी ठमी. तुमच्या छापखान्यातल्या चुलतभावाची मुलगी. आधी फोनच केला होता. तुमची सून म्हणाली, "त्यांना फोनवर ऐकू येत नाही, पण ते तसं कबूल करत नाहीत. सगळ्याला 'हो, बरोबर' म्हणतात." परवा म्हणे असंच 'हो, बरोबर' करत तुम्ही घरातली खाट विकलीत. म्हणून हे पत्र.

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, मी मेणात दात लावते आणि गुलाबी ॲक्रिलिकच्या हिरड्या घडवते. सव्वीस वर्षं हेच चाललंय. चार महिन्यांपासून मात्र काम आवरलं की त्याच टेबलावर मी एक बस बांधतेय. एकास चोवीस मापाची. खऱ्या बसचे दोन फूट म्हणजे माझा एक इंच. फक्त ही खरी बस कुठल्या डेपोत सापडणार नाही. ती तुमच्या आणि माझ्या डोक्यात आहे, आणि माझ्या डोक्यातली बरीचशी पुसली गेलीय.

तुम्हाला आठवतं का? मी सात वर्षांची होते. आई वर्षभर लांबच्या दवाखान्यात, बाबांची छापखान्यात पाळी. शाळेत जाणं-येणं तुमच्या बसने, अगदी तुमच्या पाठीमागच्या सीटवर. नाल्याच्या वळणावर पिवळी पाटी होती: विनंती थांबा. मी नुकती वाचायला लागले होते. मला वाटलं, विनंती नावाची कुणी बाई आहे आणि तिला थांबायला सांगितलंय. तेही 'थांब' नाही, 'थांबा', म्हणजे बाई मानाची असणार. मी तुम्हाला विचारलं, विनंती कोण? तुम्ही हसला नाहीत. गिअर टाकलात आणि म्हणालात, "तिला थांबायला सांगितलंय. तिची बस वेगळी आहे." मी विचारलं, कशी? तुम्ही म्हणालात, "उद्या सांगतो."

मग रोज त्या बसमध्ये एकेक गोष्ट येत गेली. कधी तुम्ही घालायचात, कधी मी. पुढे पाचवीत बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की विनंती थांबा म्हणजे हात दाखवला तरच गाडी उभी राहते असा थांबा. वर्ग खो-खो हसला. मी पण हसले, पण मनातून काही ते मला पटलं नाही.

चार महिन्यांपूर्वी त्या वळणावरून जाताना पाहिलं, रंगारी पाटी नव्याने लिहीत होता. 'विनंती' एवढं लिहून चहाला गेला. तो परत येऊन 'थांबा' लिहीपर्यंत मी अर्धा तास तिथे उभी होते. घरी आले आणि पहिला पत्रा कापला.

आता आठवतं ते लिहिते. दोन मजले. वर जायला गोल जिना. मागे चहाची खोली. प्रत्येक सीटजवळ घंटीची दोरी, म्हणजे कुणालाही गाडी थांबवता यावी. छत काचेचं. एक पलंग, विनंतीला थकवा आला तर झोपायला. खिडक्या पंधरा. यात काय चुकलं, काय राहिलं ते कळवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिची पुढची पाटी. ती बस जाते कुठे? ते काही केल्या आठवत नाही.

ऑक्टोबरमध्ये इथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये महिनाभर मॉडेलचं प्रदर्शन आहे. तिथे ठेवायचा विचार आहे. तुम्ही यावं, अशी विनंती. (हसू नका.)

ठमी


१३ ऑगस्ट

ठमे,

पत्र मिळालं. तुझं अक्षर तुझ्या आईसारखं, वहिनींसारखं आहे, म्हणून आधी जरा घाबरलो. वहिनींना जाऊन चार वर्षं झाली, आणि पाकिटावर त्यांचं अक्षर.

खाट मी विकलेली नाही. समोरचा म्हणाला 'खाट जुनी झाली,' मी म्हणालो 'बरोबर.' यात विकण्याचा संबंध कुठे आला? पण सुनेशी कोण वाद घालणार. सध्या जमिनीवर झोपतो, पाठीला बरं असतं. तूही झोपून बघ.

बसचं वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटायचं, हे एकट्या मलाच आठवतं.

आता चुका. खिडक्या पंधरा नाहीत, सतरा. डावीकडे आठ, उजवीकडे आठ, आणि एक ड्रायव्हरच्या पाठीमागे, मागच्या सीटवरच्या प्रवाशाला पुढचा रस्ता दिसावा म्हणून. ती खिडकी तूच मागितली होतीस, माझं डोकं मध्ये येतं म्हणून. भोंगा जाड आवाजाचा, खोकल्यासारखा, कारण कुत्री दचकतात. तोही तुझाच हुकूम. पायऱ्या तीन, आणि खालची पायरी इतकी खाली की सात वर्षांच्या पायाला उडी मारावी लागू नये. छत्र्या ठेवायला आडवी नळी. टपालपेटी.

आणि पलंग. ठमे, पलंग विनंतीसाठी नव्हता. तू म्हणालीस, "विनंतीची आई आजारी असली तर? तिला बसवत नसलं तर?" मी म्हणालो, मग पलंग घालू, खिडकीशी, म्हणजे पडल्या पडल्या झाडं दिसतील. तू विचारलंस, गादी मऊ का? मी म्हणालो, उद्या सांगतो. त्या दिवशी पुढची सगळी वळणं मी फार हळू घेतली. हे तुला आठवत नाही ते बरंच आहे.

पाटीचं नंतर बघू. आधी गाडी रस्त्यावर तर येऊ दे.

तुझा काका

ता. क. कवळीच्या सामानातून बस म्हणजे गाडीला दात येणार की काय? माझ्याच कवळीने हल्ली असहकार पुकारलाय. बोलताना खाली उतरते, थांबा नसला तरी.


२१ ऑगस्ट

काका,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पलंगाचं वाचल्यावर उठून चालत बाहेर गेले, भाजी घेतली, आणि घरी येऊन बघते तर पिशवीत तीन किलो कांदे. एकट्या बाईला तीन किलो कांदे कशाला? पण दुकानदारासमोर तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, म्हणून तो देईल ते घेतलं.

पलंग हलवला. आता खिडकीशी आहे. गादी मऊ आहे, कवळीच्या आतून लावायच्या मऊ थराची केलीय. एकेचाळीस वर्षांनी का होईना, उत्तर मिळालं.

तुमच्या मागची खिडकी कापताना एक चौकट फुटली, दुसरी जमली. सीटा गुलाबी आहेत कारण माझ्याकडे तोच रंग पोत्याने आहे. स्टिअरिंग कवळीच्या तारेचं. पुढचे दिवे म्हणजे दोन दाढा, आतून पोखरून बल्ब बसवलेत. लागले की बस जांभई देतेय असं वाटतं. ड्रायव्हरचा आरसा असा लावलाय की त्यात मागची सीट दिसते. तुम्ही आरशातून माझ्याकडे बघायचात, आणि मला वाटायचं मला ते कळत नाहीये असं तुम्हाला वाटतं.

आता पाटी तेवढी राहिली. आणि त्या अनुषंगाने एक विचारते. रागावू नका, मीच आधी रागावले होते. एका सकाळी मी तुम्हाला पाटीवर काय लिहायचं ते विचारलं, तुम्ही नेहमीसारखं "उद्या सांगतो" म्हणालात, आणि त्याच दिवशी शाळा सुटल्यावर बस आली तर स्टिअरिंगवर वेगळंच कुणी. मी चढले नाही. त्या दिवशी नाही आणि पुढचे दोन दिवसही नाही. शाळेच्या शिपायाबरोबर चालत घरी गेले. पुढे आई बरी होऊन आली, सगळं मार्गी लागलं, पण तुमच्याशी मी मनात कट्टी घेतली होती. आत्याच्या लग्नात तुम्ही मला हाक मारलीत आणि मी तोंड फिरवलं. दहा वर्षांची होते. तेव्हापासून लग्नाकार्यात भेटलो तरी 'बरी आहेस ना' आणि 'बरी आहे' यापलीकडे आपण काही बोललो नाही.

तुम्ही तेव्हा न सांगता का गेलात? एवढंच मला हवंय. पाटी काय, कशीही रंगवता येईल.

ठमी


१२ सप्टेंबर

ठमे,

उशीर झाला. गुडघा दुखत होता. गुडघ्याने लिहितात का, असं सूनही म्हणाली.

रूट बदलतातच. वर्ष झालं की ड्रायव्हर इकडचे तिकडे. त्यात विशेष काही नाही. तुला सांगायला हवं होतं, राहून गेलं. लग्नातलं मला आठवतही नाही.

प्रदर्शनाला मी येत नाही. एक तर गुडघा, दुसरं म्हणजे मला आता दुसऱ्याच्या गाडीत बसवत नाही. पाय सारखा ब्रेक शोधतो. मागच्या वेळी समोरच्या माणसाची पिशवी दाबली, त्यात अंडी होती.

बस चांगली होऊ दे. भोंगा विसरू नकोस.

तुझा काका


२० सप्टेंबर

काका,

तुमचं पत्र चौदा ओळींचं होतं. आधीचं तीन पानांचं. मी वाईट विचारलं का? विचारलं असेल तर क्षमा करा, पण परत घेत नाही.

इथली गंमत ऐका. बस घेऊन नाव नोंदवायला गेले. टेबलावर एक अत्यंत शिस्तीचे गृहस्थ. म्हणाले, "मूळ वाहन कोणतं? फोटो? आराखडा?" मी म्हटलं, मूळ वाहन नाही. "मग हे कशाचं मॉडेल?" मी म्हटलं, विनंतीच्या बसचं. त्यांनी नाव लिहायला पेन उचललं आणि विचारलं, "विनंतीबाई आपल्या कोण?" "मानाच्या आहेत," मी म्हटलं.

शेवटी असं निघालं की काल्पनिक वाहनांचा गट फक्त बारा वर्षांखालच्यांसाठी आहे. मी म्हटलं, बस सात वर्षांच्या मुलीने काढली आहे, मी फक्त बांधणारी. त्यांनी पेनाच्या टोकाने खिडक्या मोजल्या. मग चष्मा काढून म्हणाले, "सतरा खिडक्यांना काच आहे, एवढं कोणी बारा वर्षांखालचं करत नाही. पण ठीक आहे." तेव्हा माझी बस आता गुडघाभर उंचीच्या टेबलावर, एका कागदी जहाजाच्या आणि खोक्यांच्या रणगाड्याच्या मध्ये बसणार आहे. मला पसंत आहे. ज्यांच्यासाठी खालची पायरी खाली आहे, त्यांच्या डोळ्यांसमोरच ती येईल.

पाटी मी लिहिली. तुम्ही शेवटचं जे सांगितलं होतं तेच. पिवळ्यावर काळ्या अक्षरात: उद्या सांगतो. बाजूला छोटा खांब उभा केलाय, त्यावर 'विनंती थांबा'. खांबाजवळ माणूस नाही. बाईची आकृती करून पाहिली, पण चेहरा कसा करायचा ते कळेना.

ठमी


७ ऑक्टोबर

काका,

तुम्ही उत्तर दिलं नाहीत, तरी लिहितेय, कारण आता मला सगळं माहीत झालंय.

काल रविवार. हॉल भरलेला. मुलं बसला हात लावत होती, मी लावू देत होते. एका मुलाने सगळ्या घंट्या एकदम ओढल्या आणि विचारलं, आता बस थांबेल की पळेल? तेवढ्यात मागून एक म्हातारा आवाज आला, "एक घंटी थांब, दोन घंट्या चल. एवढ्या घंट्या म्हणजे ड्रायव्हरने गाडी सोडून घरी जावं."

घंटीमामा. तुमचे कंडक्टर. मी ओळखलं नाही, त्यांनीही मला ओळखलं नाही. ते नातीला घेऊन आले होते. वाकून पाटी वाचली. मग खांबावरची पाटी वाचली. मग ते लहान मुलांच्या खुर्चीवर बसले. ती खुर्ची किती खाली आहे ते बघितलंही नाही, त्यामुळे धाडकन बसले. म्हणाले, "ही त्या वेड्याची गाडी आहे. आणि त्याच्या मागे बसायची ती चिमुरडी कुठे आहे?"

मी म्हटलं, मीच ती.

मग त्यांनी सांगितलं. मला वाटायचं, तो थांबा असतो म्हणून बस तिथे थांबते. ते म्हणाले, तिथे कुणीही हात दाखवत नसायचं. ओसाड वळण. तरी जाताना आणि येताना तुम्ही रोज गाडी उभी करायचात, मिनिटभर, मला काचेतून नीट बघता यावं म्हणून, की विनंती आलीय का. आणि ते मागे उभे राहून, चढणारं ना उतरणारं कुणी, तरी शिस्तीत दोन घंट्या द्यायचे. प्रवासी कुरकुरायचे. मामा तुम्हाला म्हणायचे, "बाबा रे, हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस." तुम्ही म्हणायचात, "हात दाखवायलाच तर कुणी नाहीये."

एका प्रवाशाने तक्रार केली. पहिला मेमो, दुसरा मेमो, तिसरा मेमो. तिसऱ्यावर साहेबांनी लेखी खुलासा मागितला: रिकाम्या थांब्यावर गाडी रोज का उभी करता? आणि काका, तुम्ही खाली एक ओळ लिहिलीत: 'विनंती आहे का ते पाहण्यासाठी.'

मामा म्हणाले, साहेबांना वाटलं तुम्ही त्यांची थट्टा करताय. दुपारच्या फेरीच्या आत तुमची गाडी काढून घेतली आणि घाटातल्या मुक्कामाच्या गाडीवर टाकलं. सहा वर्षं. जाता जाता तुम्ही नव्या ड्रायव्हरला गाठून सांगितलंत, "मागच्या सीटवर एक मुलगी बसते. उतरताना तिचा हात धर." आणि मी पहिले तीन दिवस त्याच्या गाडीत चढलेच नाही.

मी खुलाशाची ती ओळ ऐकली आणि आधी हसले. मामाही हसले. मग मला त्यांच्या नातीने तिचा रुमाल दिला.

'रूट बदलतातच' म्हणे. एवढं धडधडीत खोटं, तेही गुडघ्याच्या नावावर?

ठमी


१३ ऑक्टोबर

ठमे,

घंटीमामाच्या तोंडाला पहिल्यापासून झाकण नाही. त्याला म्हणावं, तुझ्या दोन घंट्या मला अजून ऐकू येतात, बाकी काही येत नाही.

आता लपवून उपयोग नाही. तो सांगतोय ते खरं आहे. पण त्याने घाटाचं जसं वाईट रंगवलं असेल तसं ते नव्हतं. सकाळी धुक्यात गाडी काढायला मला आवडायचं. तेव्हा उपकार वगैरे शब्द मनात आणू नकोस. मला कुणी सांगितलं नव्हतं थांब म्हणून. मला ते मिनिट आवडायचं. दिवसभर शंभर लोक चढायचे, उतरायचे, कुणी ड्रायव्हरचं तोंड बघत नाही. आणि तू नाक काचेला लावून इतकं मन लावून बघायचीस की मीही बघायचो. एकदोनदा मला वाटलंही की कुणीतरी आहे.

तुला सांगितलं नाही, कारण तू सात वर्षांची. आई दवाखान्यात. त्यात आपल्यामुळे काकांना शिक्षा झाली हे कळलं असतं, तर तेवढंही ओझं तू उचललं असतंस. तू तसलीच होतीस, दप्तरसुद्धा दुसऱ्याचं उचलायचीस. म्हटलं, रागावू दे. राग हलका असतो, मुलं तो वाटेत कुठेतरी टाकून देतात. तू टाकला नाहीस, हे लग्नात कळलं. होय, ते मला आठवतं. हिरवा फ्रॉक होता.

पण माझ्या गप्प बसण्याचं खरं कारण वेगळं आहे, आणि ते लिहायला मला शरम वाटते. म्हणून त्या पत्राला उशीर झाला, गुडघ्याने नाही.

तू एकेचाळीस वर्षं ज्या उत्तराची वाट बघितलीस ते माझ्याकडे नव्हतंच. तू विचारलंस, बस जाते कुठे? मी 'उद्या सांगतो' म्हणालो कारण मला सुचलं नाही. रोज तेच व्हायचं. पलंगाचंही, भोंग्याचंही. तुला वाटायचं काकांना सगळं ठाऊक आहे, रोज थोडंथोडं सांगतात. ठाऊक काही नव्हतं. तू काही विचारलंस की मी वेळ मारून न्यायचो आणि डेपोत गाडी धुताना विचार करायचो. त्या दिवशी रूट काढून घेतला तेव्हा वाईट वाटलं, पण एक सांगू, मनात कुठेतरी सुटकाही वाटली, की आता तिला उत्तर द्यावं लागणार नाही. ही माझी खरी चूक. मेमो ती नव्हती.

तुझं पहिलं पत्र आल्यापासून पुन्हा विचार करतोय. दवाखाना लिहावं, घर लिहावं, खूप लिहून पाहिलं. एकही पाटी त्या गाडीला शोभत नाही. तुझ्या काकाला अजून सुचलेलं नाही. माफ कर.

काका


१७ ऑक्टोबर

काका,

माफी मी मागायची, आणि ती तुम्ही आधी मागून बसलात. ओव्हरटेक करायची ही सवय बरी नाही.

आता माझं शांतपणे ऐका. 'हो, बरोबर' म्हणून पुढे जाऊ नका.

त्या वर्षी घरात मला कुणी 'उद्या' म्हणत नव्हतं. आई कधी येणार असं विचारलं की बाबा 'बघू' म्हणायचे. शेजारच्या काकू 'देवाला ठाऊक' म्हणायच्या. डॉक्टर काय म्हणायचे ते मला कुणी सांगायचं नाही. एकटे तुम्ही होता ज्यांनी मला रोज, न चुकता, उद्याचा शब्द दिलात, आणि दुसऱ्या दिवशी तो पाळलात. कधी भोंगा, कधी पायरी, कधी पलंग. सकाळी मी दप्तर घेऊन पळत यायचे ते शाळेसाठी नाही. आज काय सांगतात ते ऐकायला. तुम्हाला ते आधी ठाऊक नव्हतं, तुम्ही माझ्यासाठी बादली हातात घेऊन शोधत होता, हे कळल्यावर त्याचं मोल कमी झालं असं वाटतं तुम्हाला? मला तर ते कळल्यापासून काम सुचत नाहीये. काल एका गिऱ्हाईकाचे वरचे दात खाली लावले.

तेव्हा पाटी बदलायची नाही. तीच बरोबर आहे. ती गाडी तिथेच जात होती आणि मला तिने तिथे पोहोचवलंही. आई बरी होऊन घरी आली तो दिवस मी बघितला, कारण त्याच्या आधीचे सगळे दिवस तुम्ही एकेक करून मला पार करून दिलेत.

माझ्यावर उपकार नाहीत म्हणता, ठीक, उपकार म्हणत नाही. पण मी तुमची ऋणी आहे, आणि हे मी एकेचाळीस वर्षं तोंड फिरवून ठेवलं, याची लाज मला आहे. तुमच्याकडे बघून हे बोलायचं होतं. गुडघा बरा नसेल तर मी येते.

आणखी एक. खांबाजवळ आता आकृती ठेवली आहे. बाईची नाही. दप्तर घेतलेली मुलगी. पाच सेंटिमीटर उंच, हिरवा फ्रॉक. चेहरा कसा करायचा ते आता कळलं.

तुमची ठमी


२३ ऑक्टोबर

ठमे,

तू येऊ नकोस. तिकडचं प्रदर्शन महिनाअखेरीला संपतं, आणि मला ती गाडी टेबलावर उभी असतानाच बघायची आहे. शिवाय कवळीचं माप टपालाने पाठवता येत नाही, सुनेला विचारून खात्री केली.

पुढच्या गुरुवारी सकाळच्या गाडीने निघतो. मुलगा सोडतो म्हणत होता, मी नको म्हटलं. आपला तोच जुना रूट आहे, आणि नाल्याचं वळण अजून त्यावर आहे असं तू लिहिलंयस. ड्रायव्हरच्या मागची सीट धरून बसेन. पाय ब्रेक दाबणारच, पण तिथे समोर अंडी नसतील.

तिथे हल्ली कुणी उतरत नसेल. ड्रायव्हर म्हणेल, आजोबा, इथे कशाला? मी त्याला सांगेन, तू नुसती उभी कर रे बाबा, माझं कुणीतरी आहे इथे. घंटीमामालाही कळव, पण त्याला म्हणावं घंटी मी स्वतः मारणार.

तू साडेअकराला त्या पाटीखाली ये. हात दाखवू नकोस, गाडीला कळेल. इतकी वर्षं तुला त्या वळणावर उभं करून ठेवलं, आता शेवटचं एकदाच.

ठमाबाई, या वेळी विनंती माझी. तुम्ही थांबा.

काका